काचेला भीड नसते

तांबे हा फार भिडस्त धातू आहे. कोणी कसेही वागवावे आणि त्याने निमूट चालवून घ्यावे. वायर दाताने सोलावी, दोन टोके एकमेकांभोवती पिळावीत, वर काळी चिकटपट्टी गुंडाळावी, ती संपली असेल तर दुधाच्या पिशवीचा तुकडा बांधावा, करंट जातो. संगणकाच्या जाळ्यातली केबलही त्याच घराण्यातली. तिच्यात आठ तारा असतात. त्यातल्या नेमक्या चार जरी धड जोडल्या गेल्या, तरी शंभर मेगाबिटचा संसार सुखाने चालतो. ही केबल १०० मीटरच्या पुढे ओढू नये असा नियम आहे: ९० मीटर भिंतीतून आणि १० मीटर दोन्हीकडच्या जोडवायरींना. आमच्या महाविद्यालयात कार्यालयापासून ग्रंथालयापर्यंतची केबल १३० मीटर होती. मध्ये एक जोड होता आणि त्या जोडावर कबुतर बसत असे. तरीही ग्रंथपालांनी सकाळी धाडलेला ईमेल दुपारच्या चहापर्यंत पोचायचा. ‘चालतंय की’ हेच आपल्याकडचे खरे तांत्रिक मानक आहे आणि तांब्याने ते आजवर खोटे पडू दिलेले नाही.

मग इमारती काचेच्या केबलने जोडायचे ठरले, आणि जिला कोणाचीच भीड नाही अशी वस्तू आवारात आली.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. एवढ्याच गुन्ह्याबद्दल मला संगणक समितीवर घेण्यात आले. ‘‘ऑप्टिकल फायबर म्हणजे प्रकाशाचा विषय. म्हणजे तुमचाच की, सर,’’ असे प्राचार्य म्हणाले. याच न्यायाने आमच्याकडे पाण्याची टाकी रसायनशास्त्राकडे आणि आवारातली कुत्री प्राणिशास्त्राकडे आहेत.

आधी आमच्या जाळ्याची वंशावळ सांगतो. नेटवर्क स्विच म्हणजे पुढच्या बाजूला ओळीने भोके आणि लुकलुकणारे हिरवे दिवे असलेली पेटी. एका भोकातून आलेला निरोप ज्याचा त्याला पोचवणे हे तिचे काम. असे स्विच एका मध्यवर्ती ठिकाणाहून, प्रत्येकाला स्वतंत्र केबल देऊन जोडावेत असे शास्त्र सांगते. आमच्याकडे स्विच कोणी बसवले नाहीत, ते होत गेले. ज्या विभागाला ज्या वर्षी अनुदान उरले, त्याने त्या वर्षी एक स्विच घेतला आणि शेजारच्या विभागातून केबल ओढली. कार्यालयातून भौतिकशास्त्र, तिथून रसायनशास्त्र, तिथून भूगोल, आणि भूगोलाच्या खिडकीतून बाहेर पडून, जांभळाच्या झाडावर क्षणभर टेकून, वसतिगृह. रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा परिचर शिस्तीचा माणूस. संध्याकाळी साडेपाचला तो मेन स्विच पाडूनच घरी जायचा. त्याबरोबर भूगोल आणि वसतिगृह दोन्ही जगापासून तुटायचे. वसतिगृहात अभ्यासाचे वातावरण चांगले आहे, असा पालकांचा लेखी अभिप्राय आमच्या नॅकच्या फाइलीत लावलेला आहे. तो या परिचराच्या नावावर जमा व्हायला हवा.

हे असेच चालत राहिले असते. पण मे महिन्यात वळीव आला. वीज काही आमच्या डोक्यावर पडली नाही, मागच्या उसात कुठेतरी पडली. तेवढे पुरते. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड तफावत होते आणि ती मिटवायला विजेला मधली तांब्याची केबल आयती सापडते. वसतिगृहाचा स्विच गेला, भूगोलाचा गेला, आणि भूगोलाच्या संगणकातून जो वास आला तो पुढे आठवडाभर पृथ्वीच्या गोलाला येत होता. काचेतून वीज जात नाही. दोन इमारती काचेने जोडल्या की एकीचे दुखणे दुसरीला लागत नाही. वेग, अंतर वगैरे कारणे आम्ही ठरावात नंतर घातली. खरे कारण तो वास.

इथे थोडे वर्गात बसल्यासारखे होईल, पण मला भौतिकशास्त्र सांगायची संधी वर्गाबाहेर सहसा मिळत नाही. या तंतूत मधला गाभा आणि त्याभोवतीचे वेष्टण, दोन्ही काचच. गाभ्याचा अपवर्तनांक वेष्टणापेक्षा किंचित जास्त असतो, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश कडेला आपटून पुन्हा आतच वळतो. पूर्ण आंतरिक परावर्तन. परीक्षेत यावर तीन गुणांचा प्रश्न येतो आणि आकृती काढली की दोन गुण मिळतात. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींना लहानपणी शिक्षकाने सांगितले होते की प्रकाश सरळ रेषेतच जातो. ते त्यांच्या मनाला काही पटले नाही, अशी आठवण ते पुढे सांगत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवले, १९५४ साली ते ‘नेचर’मध्ये छापूनही आले. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केले तेही त्यांनीच. पण तेव्हाच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच दम सोडायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह मांडले की दोष काचेचा नाही, काचेतल्या भेसळीचा आहे. काच शुद्ध करा, प्रकाश किलोमीटरच्या किलोमीटर जाईल. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळाले, कपानींना मरणोत्तर पद्मविभूषण. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगतो. शिक्षकाचे न पटणे हे यातले तात्पर्य त्यांना फार आवडते.

भेसळ हा शब्द मात्र लक्षात ठेवा. आजच्या चांगल्या तंतूत, योग्य तरंगलांबीचा प्रकाश सोडला तर एक किलोमीटरनंतर शंभरातले पंच्याण्णव भाग शिल्लक असतात. आमच्या कार्यालयातून निघालेल्या टपालाचे प्रमाण मी इथे सांगत नाही.

आता खरेदी. अनुदानित महाविद्यालयात वस्तू विकत घेणे हा भौतिकशास्त्राहून कठीण विषय आहे आणि आमच्याकडे त्याचे कुलगुरू म्हणजे कार्यालयातले भाऊसाहेब. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दर, समितीच्या सह्या. भाऊसाहेबांनी तक्त्यावर पट्टी धरली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

‘‘सर, हे मॉड्यूल काय भानगड आहे?’’

मी सांगितले, की स्विचच्या भोकात बसणारा हा बोटाएवढा तुकडा असतो. विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज तो करतो.

‘‘ते राहू द्या. पुढं काय लिहिलंय? दहा किलोमीटर. आपलं ग्राउंड केवढं?’’

‘‘तीनशे मीटर.’’

‘‘मग तीनशे मीटरला दहा किलोमीटरचा माल घेतला, तर ऑडिटला मी काय सांगू? इथं खाली साडेपाचशे मीटरचं आहे बघा. स्वस्तही आहे. आणि अडीचशे मीटर शिल्लक राहतंय.’’

हा युक्तिवाद इतका निर्दोष आहे की भल्याभल्या अभियंत्यांना तो खोडता येणार नाही. अडचण एवढीच, की ‘दहा किलोमीटर’वाले मॉड्यूल सिंगल मोड तंतूसाठी असते. त्याचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीचा सात-आठवा हिस्सा. ‘साडेपाचशे’वाले मल्टिमोडसाठी, तिथे गाभा ५० मायक्रॉनचा. त्याने फेकलेला प्रकाश ९ मायक्रॉनच्या भोकात घालायला गेलात, तर बहुतेक सगळा बाहेरच राहतो. बाहेरचे आवरण पिवळे दिसले तर सिंगल मोड, नारिंगी किंवा समुद्री निळे दिसले तर मल्टिमोड, असा साधारण संकेत आहे. मी टिप्पणी लिहिली. टिप्पणी फाइलीत लागली. फाइल कपाटात गेली. मागणीपत्रावर अखेर गेले ते असे: ‘फायबर केबल, सिंगल मोड, सहा कोर, ३५० मीटर. फायबर मॉड्यूल, १० नग.’ मोडाचा उल्लेख दोनदा कशाला, असा विचार करून कोणीतरी शाई वाचवली होती.

केबलचे ड्रम आले तेव्हा आमचे मामा पाहायला आले. आमच्या भागात महाविद्यालयातल्या शिपायाला मामा म्हणतात आणि आवारात काय चालेल, काय चालणार नाही, हे तेच ठरवतात. त्यांनी कापलेल्या टोकात डोकावून पाहिले. वर काळे प्लास्टिक, आत उंदरांसाठी पोलादी पत्र्याचे चिलखत, त्याच्या आत चिकट जेली भरलेली नळी, आणि नळीत सहा रंगांचे सहा दोरे.

‘‘सर, ह्यात तार न्हाई वो. नुसता दोरा हाय.’’

मामांचे निरीक्षण बरोबर होते. एक किलोमीटर तंतूत जेमतेम २७ ग्रॅम काच असते. कांडी भट्टीत सुमारे २००० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यावरून हा तंतू खाली ओढतात. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला त्याचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे वस्तू परदेशी आहे म्हणून नाक मुरडायचीही सोय नाही. मामांना काळजी वेगळीच होती. आमच्याकडे रात्री केबल चोरीला जाते, भंगारात तांब्याला भाव आहे. ह्यात तांबे नाही हे चोराला कळणार कसे? म्हणून त्यांनी कुंपणाला पाटी लावायची सूचना केली: ‘या केबलमध्ये तांबे नाही.’ पाटी लागली. दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी केबल कापून खात्री करून घेतली. पाटी वाचून एवढी कष्टाची पडताळणी करणारा वाचक मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही.

चर खणण्याबद्दल फार सांगत नाही. सरळ रेषा कबड्डीच्या मैदानातून जात होती, शारीरिक शिक्षण संचालक मैदानाच्या मध्यरेषेवर उभे राहिले, आणि चर मैदानाला वळसा घालून गेली. तांब्याच्या केबलला हा वळसा परवडला नसता. काचेला काही मीटर जास्त काय आणि कमी काय. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तीनशे मीटरला दीड मायक्रोसेकंद. तेवढ्याच अंतरासाठी मुख्य इमारतीच्या गच्चीची किल्ली यायला पावणेदोन तास लागले, ती कोणाकडे होती हे समजायलाच एक गेला.

मग स्प्लायसिंगवाला आला. विशीतला मुलगा, पाठीवर सॅक, हातात टूलबॉक्सएवढी पेटी. त्याने भूगोल विभागाच्या व्हरांड्यात टेबल मागितले आणि पहिलीच आज्ञा सोडली, ‘‘पंखा बंद करा.’’ एप्रिल महिना होता. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. या महाविद्यालयात कोणाच्या सांगण्यावरून पंखा बंद झाल्याची ही पहिली वेळ असावी.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले आणि मला विलक्षण आवडले. त्याने बोटांना लागलेली जेली पुसली, निळा दोरा पकडला, तीन खाचांच्या चिमट्याने त्याच्यावरचा रंग खरवडला. उरला तो दिसेल न दिसेल असा काचेचा तंतू. अल्कोहोलने भिजवलेल्या कागदात धरून तो ओढला. कागद किर्र वाजला. ‘‘वाजला म्हणजे साफ,’’ तो म्हणाला. मग छोट्या कटरमध्ये ठेवून झाकण दाबले, टक्. टोक काटकोनात तुटले पाहिजे; थोडे तिरके झाले तर पेटी स्वतःच नाही म्हणते आणि पुन्हा कापायला लावते. दोन टोके पेटीत समोरासमोर ठेवली, झाकण लावले. पडद्यावर ती दोन खांबांएवढी मोठी दिसू लागली. खांब सरकले, वरखाली झाले, एका रेषेत आले. एक ठिणगी. जोड नाहीसा झाला. पडद्यावर आकडा उमटला: ०.०२.

‘‘०.०२ काय?’’ तोवर जमलेल्या गर्दीतून संस्थेच्या एका विश्वस्तांनी विचारले.

‘‘डीबी लॉस, साहेब.’’

‘‘म्हणजे लॉस झालाच ना थोडा?’’

मुलगा गप्प राहिला. विश्वस्तांनी तंतूच्या टोकाकडे निरखून पाहिले आणि दुसरी शंका काढली, ‘‘आणि हे फेविक्विकनं नाही का होत?’’

मुलाने त्याही प्रश्नाला उत्तर दिले नाही. तो तुटलेले काचेचे तुकडे एकेक करून चिकटपट्टीवर चिकटवत होता. हे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत, पायात शिरले की काढता येत नाहीत; आणि आमच्याकडे अर्धा कर्मचारीवर्ग चपला दाराशी काढतो. आपल्या कामाचा कचरा आपणच गोळा करणारा ठेकेदाराचा माणूस पाहून मामांचे मन भरून आले. त्यांनी त्याच्यासाठी स्वखर्चाने चहा मागवला.

सहा जोड इकडे, सहा तिकडे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी. मुलाने एका टोकाला लाल प्रकाशाचे पेन लावले आणि तीनशे मीटरवर वसतिगृहात मुलांनी आरोळी ठोकली, ‘‘आला! लाइट आला!’’ भाऊसाहेब खूश झाले. प्राचार्य स्वतः पाहायला आले. मॉड्यूल बसवली, पिवळ्या जोडवायरी लावल्या. स्विचचा दिवा लागेना.

‘‘लाइट येतोय की,’’ भाऊसाहेब म्हणाले. ‘‘मग नेट का येत नाही?’’

त्याचे असे आहे. लाल प्रकाश फक्त रस्ता मोकळा आहे हे सांगतो. खरी माहिती जाते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातून, आणि दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. प्राचार्यांनी वायरीचे टोक डोळ्याशी नेले तेव्हा मुलगा अशा आवाजात ओरडला की, त्यांच्यावर त्या आवाजात ओरडणारा माणूस त्यांच्या सेवाकाळात झालेला नसेल. ‘‘सर, डोळा लावू नका!’’

मग त्याने पहिला उपाय केला. दोन वायरी असतात, एक पाठवायची, एक घ्यायची. इकडचे पाठवणे तिकडच्या घेण्याला लागले पाहिजे. त्याने दोन्ही उलट केल्या. नाही. पुन्हा सरळ केल्या. नाही. मग त्याने मॉड्यूल काढून उजेडात धरले, त्यावरचे बारीक अक्षर वाचले आणि माझ्याकडे पाहिले. ८५०. मल्टिमोड. स्वस्तातली. अडीचशे मीटर शिल्लक राहणारी.

तांबे असते तर भिडेखातर थोडेफार चालले असते. वेग कमी, मधूनमधून तुटणे, पण चालले असते, आणि ‘सध्या असू द्या’ म्हणून तेच पुढली वीस वर्षे राहिले असते. काचेने तोंडावर नाही म्हटले. मॉड्यूल परत गेली. बदली यायला जो वेळ लागला त्यात पत्रव्यवहाराची एक स्वतंत्र फाइल झाली. बदली आली तर जोडवायरींची टोके काही निळी, काही हिरवी. निळे टोक सपाट घासलेले असते, हिरवे ८ अंशांनी तिरके. रंग वेगळा म्हणजे फक्त शोभा, असे समजून आमच्या संगणकचालकाने निळ्यात हिरवे घालून पाहिले. बसते ते छान, पण प्रकाश मधल्या फटीत हरवतो. सगळी टोके निळी झाल्यावरही एक दुवा रुसलेलाच. चालकाने ते टोक काढले, हाऽ करून वाफ दिली आणि शर्टाच्या टोकाला पुसले.

आपण सगळेच शर्टाला पुसतो. चष्मा, पेरू, थर्मामीटर, एके काळी सीडी. पण ९ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे सुती शर्टाचा एक धागा पडला तर रस्त्यावर झाड पडलेच म्हणून समजा, आणि वाफेतला ओलावा वर. मुलाने शांतपणे आपल्या सॅकमधून कागद आणि अल्कोहोल काढले. या धंद्यातले निम्मे बिघाड निव्वळ धुळीचे असतात, असे त्याचे मत. अभियंते पाच आकडी किमतीची यंत्रे लावून जे शोधतात, ते बऱ्याचदा एका स्वच्छ कागदाने सापडते.

दिवा लागला. टाळ्या झाल्या.

आणि मग डेडस्टॉक. शासकीय पैशाने घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घालावा लागतो: महाविद्यालयाचे आद्याक्षर, रजिस्टरचे पान, अनुक्रमांक, वर्ष. आमच्याकडे गॅलव्हानोमीटरवर नंबर आहे, झाडूवर आहे, छायाचित्राच्या फ्रेमवर आहे. मामा ब्रश घेऊन आले. मॉड्यूलवर जागाच नाही. जी आहे ती स्विचमध्ये गेली. मामा अनुभवी. मॉड्यूलसोबत तोंडाला लावायचे रबरी बूच येते, धूळ जाऊ नये म्हणून. वायर लावताना ते काढून ठेवतात. दहा मॉड्यूल, दहा बुचे. मामांनी नंबर बुचांवर घातले आणि बुचे भाऊसाहेबांच्या खणात ठेवली. मार्चअखेर साठा पडताळणी झाली. पडताळणी अधिकाऱ्यांनी दहा बुचे मोजली, रजिस्टरशी ताडून पाहिली आणि ‘सर्व वस्तू आढळल्या, चालू स्थितीत’ असा शेरा मारला. उद्या दहाही मॉड्यूल कोणी नेली तरी लेखी जगात काहीही हललेले नसेल.

लेखापरीक्षणात मात्र दोन आक्षेप निघाले. एक: केबल ३५० मीटर घेतली, अंतर ३१० मीटर, उरलेली ४० मीटर कोठे आहे? ती दोन्ही टोकांना वेटोळी करून ठेवलेली आहे, कारण काच तुटली तर ताणून जोडता येत नाही, नवे टोक काढायला हातात लांबी लागते. (तो पाटीवाला वाचक येऊन गेला तेव्हा हीच वेटोळी कामी आली.) भाऊसाहेबांचे म्हणणे, ती कापून स्टोअरला जमा करावी. दोन: सहा कोर घेतले, दोनच वापरात, बाकीचे चार कोणाला दिले? मी लेखी खुलासा केला की ते चार त्याच केबलमध्ये, त्याच दोघांच्या शेजारी, राखीव आहेत. आक्षेप वगळला गेला. त्यापुढे शेरा: ‘सदर चार कोर पुढील तपासणीवेळी प्रत्यक्ष दाखवावेत.’

जाळे आता चांगले चालू लागले होते. आणि प्रवेशाच्या ऐन गर्दीत, मेरिट लिस्ट लागायच्या दिवशी, ते संपूर्ण बंद पडले. गंमत म्हणजे स्विचवर एकही दिवा विझलेला नव्हता, उलट सगळेच्या सगळे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत होते. ‘‘नेट लई जोरात हाय की सर,’’ मामा म्हणाले. झाले होते एवढेच: कार्यालयात एका भल्या माणसाला टेबलाखाली केबलचे मोकळे टोक लोंबताना दिसले. नीटनेटकेपणाची आवड. त्याने ते समोरच्या स्विचच्या रिकाम्या भोकात खोचले. दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये होते. आता ‘अमुक संगणक कुठे आहे?’ असा सार्वजनिक पुकारा निघाला की स्विच तो सगळ्या भोकांतून पाठवणार. तो फिरून पुन्हा स्वतःकडेच येणार. पुन्हा सगळीकडे पाठवणार. त्याला अंत नाही. काही क्षणांत जाळ्यात दुसरे काहीच उरत नाही. जनरल बॉडीच्या सभेत हे कसे घडते ते मी पाहिलेले आहे, पण यंत्रांतही घडते हे प्रत्यक्ष पाहणे वेगळे.

यावर उपाय १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या विदुषीने काढून ठेवला आहे. तिच्या पद्धतीत स्विच आपसांत बोलून एक झाड ठरवतात आणि वर्तुळ होईल अशी वाट आपणहून बंद ठेवतात. तिने ही रीत एका छोट्या कवितेतही बसवली होती. आमच्या विद्यापीठात असे कोणी केले असते तर तो शोधनिबंध धरायचा की साहित्य, यावर पदोन्नतीसाठीचे कॅसचे गुण अडले असते. महागड्या स्विचमध्ये ही सोय असते. आमच्या भाऊसाहेबांच्या सर्वांत कमी दरात ती नव्हती. शेवटी एकेक वायर उपसून पाहावी लागली. त्या भल्या माणसाचे नाव चौकशीत पुढे आले नाही. ‘व्यवस्थित खोचून ठेवले होते’ एवढेच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

आता सगळे स्थिर आहे. इमारती-इमारतींमध्ये एक गिगाबिटचा रस्ता आहे, वळीव येतो आणि जातो, वसतिगृहाचा स्विच शाबूत असतो. फक्त प्राचार्यांची तक्रार आहे की नेट पूर्वीइतकेच संथ आहे. ते बरोबर आहे. आवारातला रस्ता रुंद झाला. बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन आहे ती ५० मेगाबिटचीच, आणि ती वाढवायची तर तीन दरपत्रके लागतात.

राहिली एकच गोष्ट. रोज दुपारी दोनच्या सुमारास भूगोल विभाग अर्धा-पाऊण तास जाळ्यातून गायब होतो. केबल तपासली, लॉस मोजला, मॉड्यूल बदलले. काचेतून वीज जात नाही, हे वर सांगितलेच आहे. म्हणून प्रत्येक टोकाच्या स्विचला तिथल्या तिथे वीज द्यावी लागते, आणि भूगोलाच्या खोलीत हाताच्या उंचीवर सॉकेट एकच आहे. तेव्हा या लेखाच्या निमित्ताने त्या विभागातल्या सर्व सहकाऱ्यांना हात जोडून विनंती: दारामागच्या सॉकेटमधली काळी पिन काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावू नये. नकाशांच्या कपाटामागे दुसरे सॉकेट आहे. ते चालू आहे. मी स्वतः टेस्टर लावून पाहिले आहे.